कोष्टकात न बसलेली आई

एक कोष्टक मी एकोणतीस वर्षे फळ्यावर काढत आलो. डोंबिवलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना दिवाळीची सुटी संपली की आनुवंशिकतेचे प्रकरण येई आणि खडूने उभ्या-आडव्या रेघा मारून मी रक्तगटांचा हिशेब मांडत असे. आई ओ, वडील ए, तर मुले ए किंवा ओ. आई ए, वडील बी, तर मुले चारांपैकी कोणत्याही गटाची असू शकतात. आई ओ असेल तर मूल एबी? कदापि नाही. हे 'कदापि नाही' मी जरा मोठ्याने म्हणत असे आणि त्याखाली दोन रेघा ओढत असे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न पडे. चार गुणांचे हे कोष्टक एखाद्या घराची झोप उडवू शकते, याची मला कल्पना नव्हती.

१९९३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. रक्तगट तपासण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. बोटाला टोचायचे, काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे, एकात निळा, दुसऱ्यात पिवळा आणि तिसऱ्यात रंगहीन द्रव मिसळायचा आणि काडीने ढवळून कुठे गुठळ्या होतात ते पाहायचे. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी आणि दोन्हींत झाल्या नाहीत तर ओ. तिसरा थेंब पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा. एका मुलीच्या पट्टीवर दोन्हींत गुठळ्या झाल्या. वर्गात एबी फार थोडे निघतात, म्हणून मी तिची पट्टी सगळ्यांना फिरवून दाखवली. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "सर, पण माझ्या जन्माच्या वेळच्या कागदावर आईचा गट ओ पॉझिटिव्ह लिहिलाय."

मी म्हणालो, "मग एक तर कागद चुकला, नाही तर आई!"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी पुढच्या पट्टीकडे वळलो.

पुढचे मला चार महिन्यांनी कळले. मुलीने घरी जाऊन सरळ विचारले होते, तेही आजीच्या समोर. वडिलांनी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये स्वतःचा गट तपासून घेतला, तो निघाला ए. आईचा पुन्हा तपासला, तो पुन्हा ओ. मग बी आला कुठून? या प्रश्नाचे उत्तर घरात कुणी मोठ्याने दिले नाही, पण प्रत्येकाने मनात देऊन टाकले. जेवणे मुकाट्याने होऊ लागली आणि वडील मुद्दाम शेवटच्या लोकलने घरी येऊ लागले. मार्च संपता संपता ती बाई कल्याणला माहेरी निघून गेली.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मुलीचा मामा आपल्या बहिणीला घेऊन माझ्या घरी आला. तिने चहाला हात लावला नाही. म्हणाली, "सर, मी कसली बाजू मांडायला आले नाही. तुमच्या पुस्तकामुळे हे झालंय, तर पुस्तकात काय ते तुम्हीच बघा."

मला तेव्हाही वाटत होते की कुठे तरी बाटली जुनी असेल, पट्टी अस्वच्छ असेल. ठाण्यात माझा एक जुना विद्यार्थी पॅथॉलॉजिस्ट होता. त्याच्याकडे मी त्या दोघांना घेऊन गेलो. त्याने काचपट्टीवर न थांबता उलट बाजूनेही तपासणी केली, म्हणजे बाईंच्या रक्तातला द्रव वेगळा काढून ए, बी आणि ओ गटांच्या ओळखीच्या पेशींवर टाकून पाहिला. ओ गटाच्या माणसाच्या द्रवाने ओ पेशींच्या गुठळ्या होता कामा नयेत, पण येथे भराभर झाल्या. तो बराच वेळ भिंगातून पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, या ओ नाहीत. या बॉम्बे आहेत." मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आठवड्याभरात तोच निष्कर्ष आला. मामाचेही रक्त तपासले. तोही बॉम्बे!

खुंटी आणि भिंत

हा काय प्रकार आहे, ते घरगुती उदाहरणाने सांगतो. आपल्या तांबड्या पेशीला एक भिंत समजा. त्या भिंतीवर साखरेच्या कणांच्या बारीक साखळ्या असतात. एक विकर, म्हणजे शरीरातला रासायनिक कारागीर, अशा साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडतो. ही झाली खुंटी. शास्त्रज्ञ तिला एच म्हणतात. ए गटाच्या माणसाकडे आणखी एक कारागीर असतो, तो या खुंटीवर टोपी अडकवतो. बी गटाच्या माणसाचा कारागीर पिशवी अडकवतो. एबीच्या घरात काही खुंट्यांवर टोप्या आणि काहींवर पिशव्या. ओ गटाच्या माणसाकडे यांतला कुणीच नसतो, म्हणून त्याच्या खुंट्या रिकाम्या राहतात.

आता समजा, खुंटी ठोकणारा पहिला कारागीरच नाही. मग घरात टोपीवाला असो की पिशवीवाला, तो माल हातात घेऊन नुसता उभा राहणार. भिंत कोरीच राहणार. हाच बॉम्बे रक्तगट. काचपट्टीवरचे निळे-पिवळे द्रव फक्त टोपी आहे का, पिशवी आहे का, एवढेच शोधतात. रिकामी खुंटी आणि खुंटीच नसलेली भिंत यांतला फरक त्यांना कळत नाही. दोन्हींना ते ओ म्हणतात.

त्या बाईंकडे पिशवीवाला होता, म्हणजे बी गटाचे जनुक होते, पण खुंटीअभावी ते दिसत नव्हते. मुलीला आईकडून पिशवीवाला मिळाला, वडिलांकडून टोपीवाला मिळाला आणि खुंटी ठोकणारा कारागीरही वडिलांकडूनच मिळाला. तिच्या भिंतीवर सगळे नीट अडकले आणि ती एबी झाली. कागद चुकला नव्हता, आई तर नव्हतीच नव्हती. चुकले होते माझे 'कदापि नाही'.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या शरीराने स्वतःत कधी खुंटी पाहिली नाही, त्याला ती परकी वाटते आणि ते तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बाळगून असते. म्हणून 'सर्वांना चालणारे' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते ओ रक्त बॉम्बे गटाच्या माणसाच्या जिवावर उठू शकते. त्याला फक्त बॉम्बेच चालते. त्या बाईंना बाळंतपणात रक्त लागले नाही, हे नशीब. रक्त देण्यापूर्वी रुग्णाच्या आणि दात्याच्या रक्ताची जुळणी करून पाहतात, तिथे हा घोटाळा उघड होतो. पण वेळ अशी येते की ओ म्हणून मागवलेली एकेक पिशवी जुळत नाही, घड्याळ पुढे सरकत असते आणि नातेवाइकांना काय चालले आहे ते कळत नसते.

परळहून लंडनला

मानवी रक्ताचे गट असतात हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवले. पुढे पन्नास वर्षे ए, बी, एबी, ओ हे चार खण पक्के मानले गेले. मग परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर मोजक्याच काही लोकांचे रक्त असे आले की ते कोणत्याच खणात बसेना. पेशी ओ-सारख्या दिसत, पण द्रव ओ पेशींच्याही गुठळ्या करी.

अशा वेळी सर्वात सोपे काय असते? "नमुना खराब आहे" असे लिहून बशी धुऊन टाकणे. वर्गात मी नेमके तेच केले होते, वर कोटीही केली होती. या डॉक्टरांनी तसे केले नाही. पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी हे रक्त लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या जाणकारांच्या नजरेखाली घातले. तिथे रेस आणि सँगर हे रक्तगटांचे अभ्यासक होते, तर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे गटांमागचे रसायन उलगडत होते. १९५२ साली या सगळ्यांच्या नावाने 'लॅन्सेट' या नियतकालिकात छोटासा लेख आला आणि वैद्यकाच्या पुस्तकांत आपल्या शहराचे नाव गेले. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले. स्टेशनांवरच्या, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण या रक्तगटाचे नाव जगभर बॉम्बेच राहिले.

१९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हाइन यांना असे एक कुटुंब भेटले, की ओ दिसणाऱ्या स्त्रीच्या अपत्यात बी उतरला होता. ती परळच्या रुग्णांसारखीच निघाली. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या घरातले कोडे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी सुटलेले होते. ते मला माहीतही होते. कुठल्याशा जाड ग्रंथाच्या तळटिपेत मी ते वाचले होते. पण तळटीप फळ्यावर कोण लिहितो?

१९५९ साली वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी पायऱ्यांची कल्पना मांडली: आधी एच, त्यावर ए किंवा बी, आणि प्रत्येक पायरीसाठी एक जनुक, एक विकर. बॉम्बे गटात पहिलीच पायरी गळते. तर्क बिनतोड होता. पण ते विकर घडवणारे जनुक तोपर्यंत कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते हाती यायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

उंदराच्या पेशीवरची खुंटी

हे काम अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या काही पेशींवर एच नसतो, म्हणजे खुंटी नसलेल्या भिंती आयत्याच मिळाल्या. माणसाच्या डीएनएचे तुकडे त्यांनी या पेशींत सोडले. बहुतेक पेशींत काहीच घडले नाही. पण असंख्य भिंतींत एखादीवर खुंटी उगवली! अशा पेशी त्यांनी एच ओळखणाऱ्या प्रतिद्रव्याच्या साह्याने वेचून काढल्या. त्यांतला डीएनए पुन्हा ताज्या पेशींत घातला, पुन्हा खुंटीवाल्या वेचल्या. तांदूळ पाखडताना दर खेपेला कोंडा उडावा आणि दाणे सुपात राहावेत, तसे दर फेरीला नको असलेले तुकडे गळत गेले आणि हवा तो तुकडा उरला.

१९९० साली त्या जनुकाची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध झाली. ते आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यापासून ३६५ अमिनो आम्लांची माळ असलेले विकर तयार होते. आज ते एफयूटी-१ या नावाने ओळखले जाते. जवळच त्याचे भावंड आहे, एफयूटी-२. ते १९९५ साली प्रकाशात आले. थोरले तांबड्या पेशींवर एच बसवते, धाकटे लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात.

पण जनुक सापडले म्हणजे काम संपत नाही. हेच ते, दुसरे नव्हे, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी बॉम्बे गटाच्या माणसांइतके चांगले साक्षीदार कोण? हेच जनुक खुंटीचे असेल तर त्यांच्यात ते मोडलेले सापडले पाहिजे. तसे ते सापडलेही. १९९४ साली एका बॉम्बे व्यक्तीत असा बिघाड दिसला की विकराची माळ अर्धवटच तुटत होती. १९९७ साली भारतीय बॉम्बे गटाचा उलगडा झाला. थोरल्या जनुकात ७२५व्या जागी एकच अक्षर बदललेले होते. त्यामुळे विकराच्या माळेत २४२व्या मण्याच्या जागी भलताच मणी आला आणि अख्खा कारागीर निकामी झाला. धाकटे जनुक तर त्यांच्यात गळूनच गेलेले होते. एका घरातल्या चार महिन्यांच्या अबोल्याच्या मुळाशी होते ते एवढेच, एक बदललेले अक्षर.

ही जनुके केवळ माणसाची नाहीत, इतर सस्तन प्राण्यांतही आहेत. २००१ साली लो यांच्याच गटाने उंदरांतले हे किंवा ते जनुक मुद्दाम काढून टाकून पाहिले. ते उंदीर धडधाकट राहिले, त्यांना पिल्लेही झाली. डुकरांत एफयूटी-१चा एक प्रकार पिल्लांना आतड्याच्या एका घातक जंतूपासून वाचवतो. आणि माणसांत ज्यांचे एफयूटी-२ बंद असते त्यांना उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसच्या काही प्रकारांची बाधा सहसा होत नाही, असे २००३ साली दिसून आले. म्हणून बॉम्बे गट हा आजार नव्हे, शाप नव्हे, रक्ताचा दोष तर मुळीच नव्हे. रक्त घ्यायची वेळ येईपर्यंत या माणसांत आणि तुमच्या-माझ्यात काही फरक नसतो.

आपल्या गावात किती?

मुंबईत डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉम्बे गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असे आढळले. युरोपात ते दहा लाखांत एखादे असते. हा आकडा धरून ढोबळ हिशेब करू. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार होती आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार. म्हणजे या दोन महापालिकांच्या हद्दीत मिळून चारशेच्या आसपास बॉम्बे गटाची माणसे असावीत. सकाळच्या गर्दीच्या दोन लोकल घेतल्या तर त्यांत मिळून असा एखादा प्रवासी निघावा. आणि ज्यांच्यात बिघडलेले जनुक एकेरी आहे, जे स्वतः बॉम्बे नाहीत पण पुढच्या पिढीला ते देऊ शकतात, अशी माणसे तर चाळीस-पंचेचाळिसांत एक. दोघा आईबापांत असे जनुक आले तर प्रत्येक मुलामागे बॉम्बे असण्याची शक्यता चारांत एक. आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल होती. जवळच्या नात्यातल्या लग्नांत अशी जोडी जमण्याचा संभव वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

या चारशेंपैकी किती जणांना आपला गट ठाऊक असेल? बाकीच्यांच्या कार्डावर ओ लिहिलेले असणार. माझे म्हणणे येथे सुरू होते. जनुकातले अक्षर ओळखण्यापर्यंत विज्ञान पोचले, त्या शोधाची पहिली पायरी आपल्या परळमध्ये घडली, आणि तिथून तासाभराच्या लोकलच्या अंतरावर आपण मात्र अजून काचपट्टीवरचा शब्द ब्रह्मवाक्य मानतो. हे बदलायला फार मोठा खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट पाठ्यपुस्तकाची आणि आम्हा शिक्षकांची. रक्तगटांच्या कोष्टकाखाली एक ओळ हवीच: याला बॉम्बे गटासारखे अपवाद आहेत, या कोष्टकावरून कुणाच्या आईबापांविषयी निष्कर्ष काढू नये. पितृत्वाचा प्रश्न सोडवायला आज डीएनएची खात्रीची तपासणी आहे. ते काम काचपट्टीचे नव्हे, शेजारणीचे तर नव्हेच नव्हे.

दुसरी गोष्ट तपासणीची. शाळेत, सोसायटीत, मंडळाच्या शिबिरात बोट टोचून काढलेला गट ही कच्ची नोंद समजावी. पेशी आणि द्रव दोन्ही बाजूंनी तपासलेला, रक्तपेढीने दिलेला गट तोच खरा. ओ गटाच्या गर्भवतीची आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाची तपासणी तरी अशी झाली आहे ना, हे घरच्यांनी आवर्जून विचारावे. विचारण्यात अपमान नाही, कुणावर अविश्वासही नाही.

तिसरी गोष्ट भावंडांची. एका घरात एक बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावा-बहिणींची तपासणी लगेच करावी. रक्त साध्या शीतकपाटात पाच-सहा आठवडेच टिकते, म्हणून हा गट कपाटात साठवून ठेवण्यापेक्षा माणसांत जपून ठेवावा लागतो. चालताबोलता दाता, त्याचा बरोबर पत्ता आणि हाकेला ओ देणारे मन हीच खरी रक्तपेढी. गणेशोत्सवात, शिवजयंतीला आपल्याकडे रक्तदानाची शिबिरे उत्साहाने होतात. त्यांत सापडलेल्या अशा दात्यांची नोंद रक्तपेढ्यांनी एकमेकींना कळवली, तर रात्री दोन वाजता कल्याणच्या रुग्णासाठी ठाण्याचा दाता शोधताना नातेवाइकांची धावाधाव वाचेल.

त्या मामाने पुढे आयुष्यभर हेच केले. फोन आला की तो रजा टाकून जायचा, आणि रक्त देऊन परत येताना कुणाला दिले ते विचारायचाही नाही. बाई आपल्या घरी परतल्या. नवऱ्याने क्षमा मागितली की नाही, ते मला माहीत नाही. मी मात्र त्यांच्या घरी जाऊन मागितली, त्यांच्या सासूबाईंच्या समोर आणि मुलीच्याही समोर. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुमच्या पुस्तकात एक ओळ कमी होती. तेवढी घाला म्हणजे झालं."

पुस्तकात ओळ घालणे माझ्या हाती नव्हते. फळा मात्र माझ्या हाती होता. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ते कोष्टक काढताना मी 'कदापि नाही' हे शब्द गाळले आणि त्या जागी 'सहसा नाही' असे लिहून शेजारी एक फुली मारली. मुले विचारत, "सर, ही फुली कसली?" मग त्या दिवशी पुढचा धडा होत नसे. परळच्या डॉक्टरांची, उंदराच्या पेशीवर उगवलेल्या खुंटीची आणि नाव न सांगता एका आईची गोष्ट होत असे. परीक्षेत त्यावर एकही गुण नसे, पण वर्ग शेवटपर्यंत ऐकत असे.